रायफलीतलं कुंकू

शिरूरच्या त्या बंदूक-मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. डोकं ठिकाणावर असतं तर विचारलं असतं. मक्यात रानडुकरं घुसलेली आणि बार काढावा तर माझी परवान्याची रायफल नुसती 'टक' करायची. तीनदा काडतुसं बदलून मी वैतागलो होतो.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, काढला, हुंगला आणि चष्मा कपाळावर सारला.

"दसऱ्याला पुजली व्हय?"

"आईनं पुजली, मामा. दरवर्षी पुजते."

त्यानं आतला लाल, चिकट लगदा काडीनं उकरून माझ्या तळहातावर ठेवला. गोडेतेल आणि कुंकू! पिन त्यातच रुतलेली. काडतुसावर आपटणार कशी?

"आता घरात गुपचूप न्या," एवढंच तो म्हणाला.

असं का, ते घरी पोचल्यावर कळलं. रायफल बरी होऊन आली म्हणून आई दारातच तेल-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती.