कॉलरचं बटण

ऑगी ह्रुस्काच्या शर्टाचं वरचं बटण लग्न झाल्यापासून व्हर्नाच लावत आली होती. तरुणपणी तो बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे फलंदाजाला बॉल टाकणारा, होता. दुखरा खांदा लपवून त्याने एक उन्हाळा बॉल फेकला आणि त्यानंतर त्याचा उजवा हात हनुवटीपर्यंत कधी पोचलाच नाही. हात गेला, पण बेसबॉल सुटला नाही. पेनसिल्व्हेनियातल्या त्या पोलाद कारखान्यांच्या गावात तो संघाचा मॅनेजर झाला आणि घरातली माडीवरची खोली दर उन्हाळ्यात एखाद्या परगावच्या खेळाडूला मिळू लागली.

यंदा तिथे डेन्टन प्रायर होता. अलाबामाचा, लांबलचक हातापायांचा, संघातला सर्वांत चांगला पिचर. मे महिन्यात त्याचा खांदा दुखावला. त्याच्या जागी आलेला लाइल केसलर गावचाच होता आणि सामन्यामागून सामने जिंकत सुटला होता. आता ऑगस्टमध्ये डेन्टन परत येत होता. पिचरांच्या पाळ्या पाचच, आणि माणसं झाली सहा.

"कुणाला बाहेर बसवणार?" शुक्रवारी बटाटे सोलता सोलता व्हर्नाने विचारलं.

"शनिवारी डेन्टन. जमलं तर लाइल बाकावर. नाही जमलं तर डेन्टनने बॅग भरायची. मालकांनी स्पष्ट सांगितलंय."

"हे त्यालाही सांगितलंस?"

"सांगायला नको?"

"मग दुखत असलं तरी तो दुखतंय म्हणेल का? तू म्हणाला होतास?"

ऑगीने वर्तमानपत्र उलटलं. "डॉक्टरने खेळायची परवानगी दिलीय त्याला. आणि मी काय कसाई आहे? नऊपैकी पाचच डाव टाकायला लावीन, मग लाइलला आणीन. शब्द देतो. आता झालं समाधान?"

शनिवारी सकाळी ऑगीने व्हरांड्यातल्या डेन्टनच्या उजव्या बुटात कोरा बॉल ठेवला. आज पाळी तुझी, असं सांगायची त्याची ही पद्धत. बुटात बॉल पडला की सामना संपेपर्यंत त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, सुप्रभातसुद्धा म्हणायचं नाही. व्हर्नाच्या घरी हा नियम चर्चच्या प्रार्थनेपेक्षा कडक पाळला जाई.

डेन्टन खाली आला. मैदानावर टाय लावून यायचं हा ऑगीचा दुसरा नियम. टायची गाठ नीट होती, पण तिच्या मागे कॉलर उघडी होती. व्हर्नाने त्याच्यासमोर अंडी ठेवली. त्याने काटा डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवर होता, पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

तिने तोंड उघडलं. डेन्टनने मान वर केली आणि हळूच नकारार्थी हलवली. तिने मीठदाणी त्याच्या डाव्या हाताशी सरकवली.

मैदानात ती नेहमीच्या जागी, लाइलच्या आईशेजारी, म्हणजे इर्माशेजारी बसली. पहिला डाव गेला, दुसरा गेला. डेन्टनच्या बॉलवर समोरच्यांना एकही फटका मारता येईना. पाचवा डाव संपला तरी फटक्यांच्या रकान्यात शून्यच होतं. मैदानाच्या कडेला तयारीत असलेल्या लाइलने जाकीट पुन्हा अंगावर घेतलं. एकही फटका न देणाऱ्या पिचरला काढायचं नसतं. त्याच्याजवळ बसायचं नसतं. आणि जे चाललंय ते तोंडाने उच्चारायचं तर मुळीच नसतं, नाहीतर नजर लागते. ऑगीचा शब्द असा गेला.

सहाव्या डावानंतर डेन्टन बाकाच्या टोकाला एकटा बसला. भर उन्हात त्याने खांद्यावर जाकीट घेतलं होतं. घाम पुसायला टोपी काढली ती डाव्या हाताने. ऑगी त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

"देवा, कुणीतरी मारा रे एक," व्हर्ना पुटपुटली.

"काय म्हणालीस?" इर्माने विचारलं.

"काही नाही."

सातव्या डावात डेन्टनने एक बॉल फेकला आणि क्षणभर तो वाकलेलाच राहिला. लोकांना वाटलं, बुटाची नाडी बघतोय. सगळं मैदान श्वास रोखून गप्प होतं. त्या शांततेत व्हर्ना उभी राहिली.

"अजून एकही फटका नाही!" ती ओरडली. "ऐकलंत का सगळ्यांनी? डेन्टनने अजून एकही फटका दिलेला नाही!"

"बाई, वेड लागलं का तुला?" इर्माने तिचा झगा खाली ओढला. मागून कुणीतरी शेंगदाण्यांची टरफलं फेकली. "मॅनेजरचीच बायको! घरी न्या रे तिला!"

ऑगीने वळून तिच्याकडे पाहिलं. अशा नजरेने त्याने तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

पुढचाच बॉल हळू आला, सरळ आला. फलंदाजाने तो दूर भिरकावून दिला. गावभर ऐकू जाईल असा हळहळीचा सूर उठला. ऑगी मैदानात चालत गेला आणि त्याने बॉल मागितला. डेन्टनने तो डाव्या हाताने दिला. उजवा खाली लोंबत होता.

सामना लाइलने जिंकून दिला. घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही, आणि आता बोलायला बंदी नव्हती.

रविवारी व्हर्नाने चर्चसाठी ऑगीचं बटण लावलं. त्याने मान वर धरली, पण नजर छताकडे ठेवली.

"मी शब्द दिला होता," एवढंच तो म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

जिन्यावर पावलं वाजली. डेन्टन दारात उभा होता. सामानाची बॅग डाव्या हातात होती.

"मिस व्हर्ना," तो दक्षिणेकडच्या अदबीने म्हणाला, "काल तुम्हीच ओरडलात ना?"

"हो."

"थोडं आधी ओरडायला हवं होतं." त्याने हसायचा प्रयत्न केला. मग बॅग खाली ठेवून तो तिच्यासमोर आला आणि त्याने हनुवटी वर केली.

"जरा हे बटण लावून देता?"