झाडूच्या दांड्याचं माप

अमेरिकेत, नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर असल्यामुळे हरणाच्या शिकारीची रायफल बनवून घ्यायलाही मी एक्सेल शीटची प्रिंट घेऊन गेलो. सहा कॅलिबर म्हणजे गोळीची मापं, बॅरलच्या म्हणजे नळीच्या चार लांब्या, प्रत्येकाला मार्क. म्हाताऱ्या बंदूकवाल्यानं ती वाचली, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

“हरीण किती लांब असणार?”

“झाडीतलं बंद मचाण आहे. फार तर शंभर यार्ड.”

“मग यातलं कुठलंही चालेल. खांद्याला झेपेल ते घे.”

बॅरलसाठी त्यानं मला मचाणाएवढ्या लाकडी खोक्यात बसवलं, हातात झाडूचा दांडा दिला आणि म्हणाला, “वळ.” दांडा भिंतीवर आपटला की म्हातारा शीळ घालत दोन इंच कापायचा. तिसऱ्यांदा कापल्यावर मी सुखरूप वळलो. “ही तुझी लांबी!” माझं नाव विचारून त्यानं दांड्यावर लिहिलं. त्याचं विचारायचं मला सुचलंच नाही. कोपऱ्यात असे वीसेक दांडे होते.

“हे कशाला ठेवता?”

“इंजिनिअर परत येतात.”

मी मोठ्यानं हसलो. आठवड्याभरानं नवी शीट घेऊन बॅरल दोन इंच वाढवून मागायला गेलो. शीळ घालत म्हाताऱ्यानं माझा दांडा शोधला आणि खोक्याचं दार उघडून धरलं.