आधी मडगार्ड धुतलं

माझ्या बाबांचा डावा डोळा गेल्या दसऱ्याला सकाळी साडेदहाच्या सुमारास गेला. ठाण्यात, एका बंगल्याच्या पोर्चमध्ये, शंभरीला टेकलेल्या मोटारीसमोर. मी तिथे होते.

बाबा बॅटरीचं काम करतात. वर्तकनगरात एका गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल. इतक्या जुन्या बॅटऱ्या समजणारा माणूस आसपास दुसरा नाही, म्हणून बंगल्यातून फोन यायचा. सहा व्होल्टची बॅटरी, तीन खाने, वर उघड्या शिशाच्या पट्ट्या. बाबा प्रत्येक खान्याचं बूच काढायचे, रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत ॲसिड ओढायचे आणि आतला तरंगा कुठल्या रेघेवर आलाय ते डोळ्यांजवळ धरून वाचायचे. तरंगा वर, तर चार्ज भरलेला. बुडाला, तर उतरलेला. संपली तपासणी. यात करमणूक काही नाही.

करमणूक दसऱ्याला. त्या घराची रीत अशी की नारळ फोडायच्या आधी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना टेकवून ठिणगी पाडायची. पूर्वीचे ड्रायव्हर असाच चार्ज बघायचे म्हणे. ठिणगी मोठी तर वर्ष चांगलं. ही रीत लावली बाबांनीच, तरुणपणी, बंगल्याच्या मालकांना, मोठ्या शेठना, खूष करायला. हे लपवलं असतं तर माझं लिखाण जास्त झणझणीत झालं असतं. लपवणार नाही. पण बाबा बॅटरी दोन दिवस आधी चार्ज करायचे आणि बुचं उघडी टाकून वाऱ्यावर ठेवायचे. कारण चार्जिंगला बॅटरीतून गॅस सुटतो. तो दिसत नाही. ठिणगी मिळाली की फुटतो.

गेल्या वर्षी मोठे शेठ हयात नव्हते. त्यांच्या मुलाने, धाकट्या शेठनी, ड्रायव्हरला सांगून बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली आणि सकाळी बाबांना फोन केला. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. आम्ही राहतो त्या दिवा गावात नळाला पाणी आलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या अर्ध्या बादलीत आंघोळ करून बाबा पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालेले.

"पंधरा मिनिटांचं काम, पोरी. मग तिथूनच जाऊ."

पोर्चमध्ये पाहुणे, पेढे, वर धरलेले फोन. बाबांनी चार्जर बंद केला, बुचं काढली. आत बुडबुडे चालूच होते.

"साहेब, चार्ज फुल आहे. ठिणगी आज नको. तासभर वारा लागू दे."

"मुहूर्त तासभर थांबतो का, मिस्त्री?"

"मग नारळ फोडा ना. ठिणगी राहू दे."

"पप्पांसमोर बरी पाडायचात! आता काय, फाटली?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "काकांना कानात कापूस द्या रे." धाकट्या शेठनी पाना उचलला. त्यांचा हात अडवायला बाबा बॅटरीवर वाकले, तेवढ्यात पाना टेकला.

सुतळी बॉम्बसारखा आवाज. बॅटरीचं झाकण उडालं, ॲसिड चौफेर. शेठ हात लांब करून, तोंड फिरवून उभे होते. त्यांच्या बाहीला दोन भोकं पडली. बाबा खाली बसले, दोन्ही तळवे तोंडावर.

ड्रायव्हर पाण्याचा पाईप घेऊन धावत आला. आणि शेठ ओरडले, "आधी मडगार्डवर मार! पेंट जाईल!"

त्याने मडगार्डवर पाणी मारलं. मग बॉनेटवर.

"खालून पण मार, खालून!"

मला एका बाईने धरून ठेवलेलं. "अगं जाऊ नकोस, तुझ्यावर पण उडेल." मी तिच्या हाताला चावले आणि पाईप हिसकावला. तोवर बाबांच्या पांढऱ्या शर्टाची चाळण झालेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर एवढंच विचारलं, "पाणी लगेच का नाही मारलं?"

पेंटला काही झालं नाही. दुसरी बॅटरी जोडून मोटार त्याच दुपारी मिरवली, हार घालून.

शेठनी पोलिसांना सांगितलं की मिस्त्रीने स्वतःच्या निष्काळजीपणाने ठिणगी पाडली. तेच लिहिलं गेलं. बाबा तेव्हा गुंगीत होते, त्यांना कोणी विचारलं नाही. माझं सांगणं मुलीचं म्हणून धरलं नाही. आता गॅरेजवाल्याने टेबल हलवायला सांगितलंय. ज्याच्या हातून बॅटरी फुटली त्याच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, म्हणे. उरलेल्या डोळ्याने बाबा तरंग्याची रेघ अजून बरोबर वाचतात. मी पडताळून पाहिलंय. पण पोलिसांचा तो कागद त्यांचा धंदा बुडवतोय.

बाबा म्हणतात, "जाऊ दे. रीत मीच लावलेली ना."

नाही जाऊ देणार. पाना त्यांनी टेकवला नव्हता.

हे वाचणाऱ्यांत त्या पोर्चमधले पाहुणे आहेत, मला माहीत आहे. तुमच्या एका हातात पेढा होता, दुसऱ्यात फोन. तुम्ही हसलात तेही त्यात आलं असेल, म्हणून दाबून बसला असाल. मला तुमच्या हसण्याशी देणंघेणं नाही. तो व्हिडिओ आम्हाला द्या. पुसून टाकला असेल तर माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात चला आणि पाना कोणाच्या हातात होता ते तुमच्या तोंडाने सांगा.