रंधा बंद केल्यानंतर

बुकित पंजांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीचं दार दमट हवेनं फुगलं होतं. लावलं की उघडत नसे. घरमालकाला दोनदा सांगून झालं होतं. तो ‘कॅन, कॅन’, म्हणजे होईल-होईल, म्हणायचा आणि विसरून जायचा. एके दिवशी पहिलीतली माझी मुलगी आत अडकली आणि तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा सासरे म्हणाले, दार मी बघतो.

सासरे हाडाचे सुतार. कोकणात चाळीस वर्षं त्यांनी दारं-खिडक्याच केल्या. नवरा बोटीवर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रावर. सासूबाई गेल्यावर गावी एकटं राहण्यापेक्षा बरं म्हणून ते माझ्या सोबतीला आले होते. पण इथं परदेशात त्यांच्या हाताला काम नव्हतं. खाली बाकावर बसायचं, वर येऊन टीव्ही लावायचा, मी आले की चहा झाला का म्हणून विचारायचं. रिकाम्या माणसाला सांभाळताना आपणच थकतो. त्यामुळे दाराचं काम निघालं याचा मला आनंदच झाला.

मी तेव्हा तुआसच्या एका शिपयार्डमध्ये सेफ्टी विभागात होते. काम कागदांचं, पण रोज सकाळी कामगारांपुढे उभं राहून हिंदीत नियम वाचून दाखवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्यात इलेक्ट्रिक रंध्याचं एक पान होतं आणि ते मला तोंडपाठ होतं. दोन्ही हातांनी धरा. लाकडात खिळा नाही ना, बघून घ्या. बटण सोडलं तरी पातं काही क्षण फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नका. भुसा अडकला तर आधी प्लग काढा, मगच हात लावा. कामगार जांभया देत ऐकायचे आणि खरं सांगायचं तर मीही जांभया देतच वाचायचे. साडेपाच दिवस हेच केल्यावर शनिवारी दुपारी मला कुणाला काही सांगायची इच्छा उरत नसे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं होतं.

सासऱ्यांना हातरंधाच हवा होता, पण त्यांचा उजवा खांदा धरलेला. म्हणून मी यार्डातल्या एका फोरमनचा स्वतःचा इलेक्ट्रिक रंधा दोन दिवसांसाठी मागून आणला. त्यांनी तो हातात घेऊन तोलून पाहिला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि यंत्र चांगलं आहे म्हणाले. मी त्यांना बटण दाखवलं, पातं किती खोल जाईल ते ठरवायची गोल कळ दाखवली, गॉगल दिला. गॉगल त्यांनी माझ्या समाधानासाठी चष्म्यावरून चढवला. पुढचं सगळं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं रंधा मारलेल्या सासऱ्यांना काल-परवा कागदावरून शिकलेल्या सुनेनं काय सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला कंटाळा आला होता.

त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, दार बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं, दोन स्टुलांमध्ये लांब कडेवर उभं करून दोरीनं घट्ट बांधलं. काम बघण्यासारखं होतं. कडेचं लाकूड टोकाला फाटू नये म्हणून ते दोन्ही टोकांकडून मधे येत होते, एका वेळी अगदी पातळ थर काढत होते. मी आत सोफ्यावर आडवी झाले होते. फ्लॅटच्या उघड्या दारातून मला ते दिसत होते.

हातरंध्याच्या तोंडात सालपटं अडकतात. सुतार थांबतो आणि न बघता बोटानं ती उडवतो. दिवसातून शंभरदा तरी करत असेल, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. या यंत्राचा भुसा बाजूच्या तोंडातून बाहेर पडतो. ते तोंड तुंबलं. सासऱ्यांनी बटण सोडलं आणि डाव्या हाताचं बोट सवयीनं तिथं घातलं. आत पात्याची घरघर अजून संपायची होती. भुशाचा गोळा बाहेर पडला, बोट शाबूत राहिलं. त्यांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. ते हसले. मीही हसले.

तेव्हा मी उठायला हवं होतं. चार पावलं चालायची, भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि दोन वाक्यं बोलायची. मला ते कळत होतं. एवढी कड संपली की सांगू, असं म्हणून मी डोळे मिटले.

पुढचा आवाज त्यांचा नव्हता, मुलीचा होता. ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून, “आजोबा ब्लीडिंग, आई,” म्हणत होती. सासरे भिंतीला टेकून खाली बसले होते आणि डावा हात लुंगीत गुंडाळून घट्ट धरला होता. तर्जनीचं पहिलं पेर गेलं होतं. टॅक्सीत ते मलाच धीर देत राहिले. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ते आता जोडता येणार नाही.

दोन दिवसांनी जहाज बंदराला लागलं तेव्हा नवऱ्याचा फोन आला. काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. मी बघितलं होतं आणि उठले नाही, एवढंच सांगायचं होतं. पण फोन सासऱ्यांनी आधी घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

“तिला काही बोलू नकोस,” ते म्हणाले. “तिनं मला दहादा सांगितलं होतं. प्लग काढा, बोट घालू नका. मीच ऐकलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय.”

मग बँडेजच्या हातानं त्यांनी फोन माझ्याकडे दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. पलीकडून नवरा थकलेल्या आवाजात म्हणाला, “बाबा असेच आहेत. तू सांगून सांगून किती सांगणार?”

मी “हो ना” म्हटलं.