चन्नव्वाचा तळहात

मुडबीची चन्नव्वा वेडी होती, असं कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं आहे. मी तिची शेजारीण, आणि मला आजही तो कागद टराटरा फाडावासा वाटतो.

नवरा गेल्यावर बाई एकटीनं जमीन कसायची, चुकलं तर पाटलालाही तोंडावर सुनवायची. दीर जगदेवप्पाला हेच खुपत होतं. बावन्न साली त्यानं अर्ज केला, की भावजयीचं डोकं ठिकाणावर नाही, जमीन माझ्या ताब्यात द्या. चन्नव्वा घाबरली नाही. तिचा थोरला भाऊ शिवशंकरप्पा तिच्या बाजूनं येणार होता. “अण्णा हाय की,” एवढंच ती म्हणायची.

कोर्टानं हैदराबादहून डॉक्टर बोलावला. त्याला उर्दूच येत होती, म्हणून अण्णा दुभाषी झाला. मी दाराशी उभी. आज वार कोणता, शेताच्या उगवतीला काय, ही चित्रं नीट लाव पाहू. बाईनं सगळं पटापट केलं. मग डॉक्टरनं विचारलं, “एकटी असताना कुणाशी बोलतेस का?”

“रोज सकाळी बोलती की,” म्हणत तिनं डावा तळहात पुढं केला.

आंघोळ झाली की ती लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची आणि त्याला मनातलं सांगायची. डॉक्टरला दिसला तो रिकामा हात. गळ्यातलं लिंग परक्यापुढं सोडून दाखवणं तिला जमणारं नव्हतं.

“अण्णा सांगंल,” ती म्हणाली.

अण्णाच्या गळ्यातही लिंग होतंच. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि उर्दूत सांगितलं, “रिकाम्या हाताशी बोलते साहेब. आम्ही सगळे वैतागलोय.”

मला उर्दू कळायची. मी ओरडले, तर चपराशानं मला बाहेर काढलं. चन्नव्वाला उर्दू बोलता येत नसे, पण एवढं कळलं. ती भावाच्या तोंडाकडं बघतच राहिली.

जमीन दिराकडं गेली, आणि तिला सांभाळायला भावाच्या स्वाधीन केलं. पुढच्या रब्बीला तिच्याच जमिनीतला विहिरीकडचा तुकडा शिवशंकरप्पानं पेरला, तेव्हा दीर-भावाचं आधीच ठरलेलं होतं हे गावाला कळलं. पाठच्या बहिणीशी असं वागणाऱ्याला माणूस तरी कसं म्हणायचं?

मी तिला भेटायला गेले ती सकाळची वेळ होती. ओसरीवर शिवशंकरप्पा तळहातावर लिंग घेऊन पुटपुटत बसला होता. चन्नव्वानं मला जवळ ओढलं आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सोजरा, अण्णा हाताशी बोलायलाय बघ. ह्याला तपासायला डॉक्टर कामून येईना?”