टाकीतले सव्वीस अंश

डिसेंबरात दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमध्ये नळाचं पाणी बोटांना झोंबलं, की मला घरातली जुनी माशांची टाकी आठवते. शंभर लिटर पाण्याला शंभर वॉटचा हीटर, असा हिशेब करून मी तो एका कोपऱ्यात बसवला होता आणि थर्मामीटर त्याच्या अगदी शेजारी चिकटवला होता. पाणी फिरवणारा पंप फार घरघरतो म्हणून तो बंदच ठेवायचो. रोज दोनदा तापमान वहीत लिहायचो. ते कायम सव्वीस अंश असायचं. एका धुकट सकाळी माझ्या आठ वर्षांच्या मुलीने टाकीच्या दुसऱ्या टोकाला हात बुडवला आणि म्हणाली, "बाबा, इकडे एकदम थंड आहे. बघ ना, सगळे मासे हीटरपाशी बसलेत." मी वहीतून मानही वर न करता म्हणालो, "तुझा हात म्हणजे थर्मामीटर आहे का? सव्वीस आहे, बिल्कुल ठीक." चार दिवसांनी तिची लाडकी मासोळी, काळी मॉली, मेलेली सापडली. मुलगी शाळेत गेल्यावर मी थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावून पाहिला, तर एकोणीस. संध्याकाळी तिने रडवेल्या आवाजात विचारलं, "पण पाणी थंड नव्हतं ना, बाबा?" मी म्हणालो, "नव्हतं." आता ती कॉलेजात आहे, आणि तिचा हात बरोबर होता हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.