चिखलदऱ्यात एक कप गरम चहा

माझ्या बायकोनं गेल्या वीस महिन्यांत एकही कप चहा गरम असताना प्यायलेला नाही, ही माहिती मला परतवाड्याच्या एका हॉटेलाबाहेर मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालो होतो. आम्ही म्हणजे मी, वैशाली आणि आमची वीस महिन्यांची मुलगी रेवा. वैशालीनं चहाचा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला, रेवाचा एक बूट शोधला, दुसरा शोधला, तोवर पहिला पुन्हा गेला होता तो शोधला, आणि परत येऊन तो चहा पाण्यासारखा एका दमात संपवला. इतका थंड चहा कशाला पितेस, असं मी विचारलं. (प्रश्न काळजीपोटी होता. तसा तो ऐकू गेला नाही.) तिनं तक्रार केली नाही, फक्त माहिती दिली. बाळंतपणापासून आजपर्यंतची, एका वाक्यात.

घाटात रेवानं दोनदा उलटी केली, तेवढाच काय तो आवाज.

रिसॉर्ट दरीच्या कडेला होतं आणि थाट साहेबाचा होता. खोलीत एक कार्ड ठेवलेलं होतं: दुपारी चार ते साडेपाच हाय टी. पोशाख औपचारिक असावा. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. आवाज हळू ठेवावा. लहान मुलांबद्दल कार्डावर काहीच नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्या बाजूनं वाचायची मला सरकारी नोकरीमुळे सवय आहे. मी जाहीर केलं की उद्या चार वाजता वैशाली बसेल, चहा पिईल, आणि रेवाला मी पाहीन.

तिला खाऊही घालाल का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो की मी कार्यालयात चौदा माणसांची आस्थापना सांभाळतो. एका मुलीला चार घास भरवणं म्हणजे काय मोठं काम.

वैशालीनं अट घातली. "मी खिडकीकडे तोंड करून बसीन. मांगं वळून पाहणार नाही. रक्त निघालं तरच हाक मारजा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही हॉलमध्ये गेलो. पांढरे टेबलक्लॉथ, तीन मजली तबकं, कडा कापलेली इवलीशी सँडविचेस आणि कुठल्या तरी स्पीकरमधून हळू आवाजात पियानो. निम्मे कोट कुणाच्या ना कुणाच्या लग्नात शिवलेले होते. (माझा माझ्याच.) सगळे इतके ताठ बसले होते, जणू फोटो निघायचा आहे आणि फोटोवाला अजून यायचा आहे. वैशाली खिडकीशी बसली. वेटरनं किटलीतून तिच्या आणि माझ्या कपात चहा ओतला. तिनं कपाला दोन्ही हातांनी धरलं, वाफ तोंडावर घेतली आणि दरीतल्या धुक्याकडे पाहू लागली. त्यानंतर पुढचा दीड तास मला तिची फक्त वेणी दिसली.

रेवानं सकाळपासून अर्ध्या केळ्याखेरीज काही खाल्लेलं नव्हतं. मी सँडविच पुढे केलं. तिनं ओठ मिटले. मी केक पुढे केला. तिनं तो घेतला, नीट पाहिला आणि शेजारच्या टेबलाखाली फेकला. मग मी कोटाच्या आतून स्टीलचा डबा काढला. त्यात वैशालीनं सकाळी खोलीतल्या छोट्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये केलेली मुगाची खिचडी होती. कार्डाप्रमाणे हा गुन्हा होता, पण खिचडी ती नक्की खाईल याची मला खात्री होती. तिनं खिचडीलाही ओठ मिटले, माझ्या मांडीवरून उतरली आणि थेट शेजारच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

तिथे टाय लावलेले एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. गृहस्थ वेटरशी इंग्रजीत दार्जिलिंगच्या चहाविषयी बोलत होते. रेवा त्यांच्याकडे पाहत राहिली. काहीतरी व्हायची ती वाट पाहत होती. ते होईना, तसा तिचा खालचा ओठ बाहेर आला. आता मोठं भोकाड आणि पाठोपाठ वैशालीची वळलेली मान, हे दोन्ही टळावं म्हणून मी अमरावतीला आईला फोन लावला. घरी रेवाला तीच भरवते. पोरगी तोंड उघडत नाही, काय करू, असं मी कुजबुजत विचारलं.

"पोट्टी कोण्या घरापाशी हाये आता?" आई म्हणाली.

"घर नाही आई, हॉटेल आहे."

"ते समजलं मले. समोर कोण बसलं हाये?"

"एक आजोबा आहेत."

"मंग ते गल्लीतले इंगळे काका समज. त्याईले मांजराचा आवाज काढाले सांग. मंग पुढच्या घरी..."

इथे फोन कटला. चिखलदऱ्यात रेंज येते तीही सहलीला आल्यासारखी, थोडा वेळ.

पण तेवढ्यावरून माझ्या डोक्यात उजेड पडला. आई रोज संध्याकाळी वाटी घेऊन रेवाला गल्लीत फिरवायला नेते. तो फेरफटका आहे असं मी समजत होतो. तो फेरफटका नव्हता, ती व्यवस्था होती. एकेका घरासमोर थांबायचं, त्या घरानं आपला ठरलेला आवाज काढायचा, मगच रेवा तोंड उघडणार. त्या वेळी मी गच्चीवर पेपर वाचत असतो आणि खालून रोज एक म्याँव, एक घंटी आणि एका स्कूटरचा हॉर्न ऐकू येतो. गल्ली फार गोंगाटी झाली आहे, असं माझं मत होतं. हॉर्नबद्दल तर मी शेजारच्या राऊत सरांना समजही दिली होती. (त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजलाच.)

मी टायवाल्या गृहस्थांपुढे वाकलो आणि म्हणालो, "साहेब, आपल्याला जरा मांजरासारखा आवाज काढावा लागेल."

गृहस्थांनी सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रेवाकडे पाहिलं.

"कावून?" त्यांनी विचारलं.

दार्जिलिंग तिथेच संपलं. गृहस्थ अकोल्याचे निघाले. मी कारण सांगितलं. ते कचरत होते, पण त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "काढा न. घरी तं दिवसभर गुरगुरून राहता."

त्यांनी टाय सैल केला आणि म्याँव केलं. ते एखाद्या थोराड बोक्याचं म्याँव होतं. पियानो त्याखाली ऐकू आला नाही. रेवानं आ केला. पहिला घास आत गेला. मी विजयानं खिडकीकडे पाहिलं. वेणी हलली नाही.

पुढच्या टेबलावर नवं जोडपं होतं. नवरदेवाला मी हॉर्न दिला. त्यानं स्कूटरऐवजी ट्रकचा वाजवला, आणि रेवानं तोंडातला आधीचा घासही टेबलक्लॉथवर परत केला. बायकोसमोर अपमान झाल्यानं तो उठून उभा राहिला आणि त्यानं एसटीचा वाजवून पाहिला. दुसराही घास परत आला. आता सल्ले सुरू झाले. एका बाईंचं म्हणणं पडलं की हॉर्न तोंडानं नको, मोबाइलवर लावा. दुसऱ्या कोणी सांगितलं की त्यांचा मुलगा कुकरच्या शिट्टीवर जेवायचा आणि आता पुण्यात इंजिनियर आहे. कोट खुर्च्यांच्या पाठीवर गेले. एक काका चमच्यानं कप वाजवू लागले. ती घंटी रेवाला पटली. तिनं घास घेतला, वळली, आणि मग त्याच नवरदेवाचा तोच हॉर्न तिला चालला. कोपऱ्यातल्या टेबलावरून निरोप आला की आमच्याकडे केव्हा आणता.

तेवढ्यात काळ्या कोटातले मॅनेजर आले. त्यांची नजर डब्यावर होती. त्यांनी एका टेबलावरून अ‍ॅक्रिलिकच्या स्टँडमधलं नियमांचं कार्ड स्टँडसकट उचललं आणि मला दाखवायला पुढे केलं. पण त्यांच्या नि माझ्या मधे रेवा येऊन उभी राहिली. तिनं फ्रॉकची कड दोन्ही हातांनी ताणून त्यांच्यापुढे धरली आणि थांबली.

हा आवाज मला माहीत नव्हता. मॅनेजरांनाही नव्हता. त्यांनी दबक्या आवाजात कुत्रा करून पाहिला, मग कावळा. रेवा फ्रॉक धरून उभीच. शेवटी अकोल्याच्या आजींनी निकाल दिला. "आवाज नाही मांगत ते. इस्त्री म्हंते. कोपऱ्यावर इस्त्रीवाला असन तुमच्या."

आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे. गच्चीवरून तो दिसत नाही.

मॅनेजरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. ते गुडघ्यावर बसले आणि 'आवाज हळू ठेवावा' असं लिहिलेला तो स्टँड त्यांनी फ्रॉकवरून सावकाश फिरवला. रेवानं आ केला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यानंतर आम्ही पूर्ण हॉलला तीन फेऱ्या मारल्या आणि डबा रिकामा झाला. रेवा अकोल्याच्या आजोबांच्या खांद्यावर झोपली.

मी खिडकीशी गेलो. माझ्या लग्नाच्या कोटावर मुगाची खिचडी होती आणि गुडघ्याला केक. वैशाली अजून हॉलकडे पाठ करूनच होती. तिच्यासमोर दोन किटल्या होत्या, दोन्ही रिकाम्या. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. मी म्हणालो की पाहा, जमलं.

"घंटी आधी असते, हॉर्न मंग," ती दरीकडे पाहत म्हणाली. "तुमी उलटं केलं, म्हणून थुंकलं तिनं."

"तुला माहीत होतं? मग सांगायचं नाही का?"

"चहा गरम होता."

मी खुर्चीवर बसलो. माझा चार वाजता ओतलेला कप तसाच होता, वर जाड साय धरलेली. मी मॅनेजरांना खूण करून नवा चहा मागितला. ते अदबीनं म्हणाले की साडेपाच वाजून गेले, आता सेवा बंद. त्या हॉलमध्ये शाबूत राहिलेला तो एकमेव नियम होता.

वैशालीनं माझा कप बोटानं माझ्याकडे सरकवला.

"प्या," ती म्हणाली. "सवय होते."